निद्दी डॉक्टर

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मेलेले होते.

निदान मला तसं वाटलं. मी त्या दिवशी नोकरीवर रुजू होत होते. हुबळीच्या कडेला जुन्या रस्त्यावर एक धर्मादाय दवाखाना होता, त्याच्या लांब व्हरांड्यात भिंतीला लागून एक स्ट्रेचर उभं होतं. त्यावर एक उंच, हडकुळा माणूस छातीवर हात ठेवून निजलेला. गळ्यापर्यंत पांढरी चादर, डोळे मिटलेले, चेहरा असा शांत की जिवंत माणसाचा असू शकत नाही. जाणारे येणारे त्याच्याकडे बघतही नव्हते. मला वाईट वाटलं. मेलेल्याचं तोंड उघडं ठेवू नये, हे आम्हाला शिकवलेलं. मी इकडे तिकडे बघितलं आणि हलकेच चादर त्याच्या कपाळापर्यंत ओढली.

"जरा खाली घ्या, सिस्टर," चादरीतून आवाज आला. "अजून श्वास चालू आहे."

मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. बसप्पा नावाचा वॉर्डातला धिप्पाड गडी बादली खाली ठेवून हसत सुटला होता, एवढं आठवतं. स्ट्रेचरवरचा माणूस उठला नाही. त्यानं डोळे उघडून छताकडे बोट दाखवलं.

"तो डाग बघा. काय दिसतं?"

छताला ओल येऊन एक लांब, वाकडा डाग पडला होता.

"साप," मी म्हणाले.

"हां. काल एक बाई इथं पडून सारखी ओरडत होती. मी समजलो, पोटात दुखतंय. ती म्हणत होती, हावु, हावु. म्हणजे साप. कोणी वर बघितलंच नाही. सगळे उभे होते ना." मग ते उठून बसले, चपला शोधल्या आणि बसप्पाला म्हणाले, "चुना आण रे. साप मारू."

ते आमचे भूल देणारे डॉक्टर. त्यांचं नाव पाटीवर होतं, पण ते कोणी घेत नसे. आमच्याकडच्या कानडीत झोपेला निद्दी म्हणतात. शस्त्रक्रियेआधी माणसाला झोपवणारे म्हणून ते निद्दी डॉक्टर. भाजीवाल्या बायका, टांगेवाले, हॉटेलातली पोरं, सगळे त्यांना तोंडावर तसंच हाक मारत आणि ते ओ देत.

त्यांचा आवाज मी अजून ऐकते. तोंडातल्या लिमलेटच्या गोळीसारखा घोळवत बोलायचे. माणूस टेबलावर थरथरत आला की त्याच्या उशाशी बसून ते त्याला त्याच्या गावाची वाट विचारत. "तुमच्या गावाला कसं जायचं? कलघटगीवरून डावीकडे? मग? ओढा लागतो? ओढ्याला पाणी असतं आता?" तो माणूस वाट सांगत सांगत ओढ्यापर्यंत पोचायचा आणि तिथंच झोपी जायचा. शुद्धीवर येताना ते पुन्हा उशाशी. "ओढा ओलांडलात बघा. या वर." मला कितीदा वाटायचं, या माणसाच्या हातातल्या नळीतून काहीच जात नसेल, सगळी गुंगी त्या आवाजातच असेल.

दुसरी खोड म्हणजे मनगट. कोणीही भेटलं की नमस्काराऐवजी ते त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवत आणि तशीच ठेवून बोलत राहत. धारवाडच्या सुभाष रोडवर त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षाच होती. दर दुकानाशी थांबणं आलं. कापडवाला गज खाली ठेवून हात पुढं करायचा. एखाद्याची नाडी फार जलद लागली तर म्हणायचे, "कोणाशी भांडलात?" आणि बहुधा तो भांडलेलाच असे.

आणि त्यांचा एक शब्द होता, हगूर. हळू आणि हलक्या हातानं, असे दोन्ही अर्थ त्यात येतात. दार उघडताना हगूर, टोपलं उचलताना हगूर, रागावतानासुद्धा हगूर. चाचा, म्हणजे आमच्या ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, त्यांची नक्कल करायचे: "आग लगी तो बी बोलेंगे, हगूर, हगूर."

त्या ॲम्ब्युलन्सचं सांगायला हवं. सत्तरच्या दशकातली ती गाडी म्हणजे खिडक्यांना दुधी काचा लावलेली एक पेटी होती. पुढं चाचा. मागं रोगी आणि त्याचे रडणारे नातेवाईक. बाकी कोणी नाही. स्ट्रेचर उचलायला जो सापडेल तो. रोगी नसेल तेव्हा त्याच गाडीतून धोब्याकडची गाठोडी येत, विश्वस्तांच्या घरचे पाहुणे स्टेशनावर जात. आजारी माणसाला सामानासारखं चढवायचं, सामानासारखं उतरवायचं आणि मधल्या वाटेत त्याचं काय होतं ते देवाला ठाऊक. रोग्याचा उपचार दवाखान्याच्या पायरीपासून सुरू होतो, असं आम्ही सगळेच धरून चालत होतो.

डॉक्टर मात्र धरत नव्हते. का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आम्ही कॅन्टीनमध्ये चुरमुऱ्यांचं गिरमिट खात बसलो होतो. मागं एकदा एक तरुण शाळामास्तर सायकलवरून पडला होता. लोकांनी त्याला जीपच्या मागच्या बाकावर उताणा घालून आणला. पायाला खरचटलेलं, डोक्याला टेंगूळ. दवाखान्यात आला तो निळा पडूनच.

"एवढ्यानं कोणी मरत नाही, तंगी," ते म्हणाले. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला ते सिस्टर म्हणायचं विसरून तंगी कधी म्हणू लागले ते कळलंच नाही. "बेशुद्ध माणसाची जीभ मागं पडते. दार बंद होतं. त्याचा जबडा असा पुढं उचलायचा, बस. जीपमध्ये चौघं जण बसले होते त्याच्याजवळ. चौघं रडत होते. आठ हात होते. एकाला ठाऊक असतं तर?" मग त्यांनी गिरमिटाचा कागद नीट घडी करून खिशात घातला. "माझ्या टेबलावर पोचला तर मी त्याला झोपवेन, उठवेन. पण टेबलापर्यंतचा रस्ता कोणाचा? डॉक्टर म्हणतो माझा नाही. ड्रायव्हर म्हणतो माझा नाही. मग तो यमाचाच झाला की."

तेव्हापासून त्यांनी रस्ता आपला करायचं मनावर घेतलं.

विद्यार्थी आम्ही तिघं. चाचा, बसप्पा आणि मी. दुपारी काम ओसरलं की मागच्या शेडमध्ये वर्ग भरायचा. तिथं धारवाडकडून येणारी बारीक पावसाची झड पत्र्यावर सारखी कुजबुजत असे, आणि त्या कुजबुजीत ते आम्हाला श्वास ऐकायला शिकवत. डोळे मिटून एकमेकांचा श्वास ऐका. घोरणारा कसा, शिट्टी वाजवणारा कसा, दमलेला कसा. रक्त कुठं दाबलं की थांबतं. मोडलेलं हाड छत्रीच्या काडीनं कसं बांधायचं. मान दुखावलेल्या माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखं एका दमात कसं वळवायचं. बसप्पा निजायला नेहमी तयार असे. त्याला वळवताना आम्ही घामाघूम व्हायचो आणि तो खरंच झोपून जायचा.

शेडमध्ये भागेना म्हणून ते शाळा बाहेर घेऊन गेले. एकदा हुबळी-धारवाड बसमध्ये त्यांनी कंडक्टरला मधल्या जागेत उताणं पाडलं आणि सगळ्या प्रवाशांना एकेक करून त्याचा जबडा उचलायला लावला. एक म्हातारी लाजत होती. कंडक्टर खालून म्हणाला, "अव्वा, लवकर उचल गं, माझा स्टॉप आला."

पण खरी परीक्षा वेगळी होती. ते स्वतः गाडीत मागं स्ट्रेचरवर आडवे व्हायचे, डोळे मिटायचे आणि चाचांना म्हणायचे, चला धारवाडहून हुबळीला. दुधी काचांची पेटी, आत काही दिसत नाही. आणि ते झोपेत बोलल्यासारखे सांगत जायचे. "नवलूर आलं. पेरू पिकलेत… आता रायापूरचं वळण. चाचा, गिअर टाकताना झटका बसला, माझं मोडलेलं हाड ओरडलं… हा गार वारा उणकलच्या तळ्याचा. आता हुबळी. मिरच्या तळताहेत." चाचा आधी चिडायचे. मग त्यांना ईर्षा चढली. महिन्याभरात ते अशी गाडी हाकू लागले की डॉक्टर खरोखर झोपून जात आणि उतरवताना त्यांना जागं करावं लागे. चाचा त्या दिवशी मिठाई वाटत.

मग डॉक्टर मला म्हणाले, "आता तू."

मी आडवी झाले. पट्टे बांधले. मागच्या काचांपैकी एक त्यांनी खरवडून स्वच्छ केली होती, तिच्यातून मला बाहेरचं दिसत होतं. मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले होते, पण तो रस्ता तो नव्हता. आडव्या माणसाला गाव येताना दिसत नाही, सुटताना दिसतं. झाडं एकेक करून मागं निघून जात होती. तारांवरचे पक्षी, पावसाचे थेंब, ढग, एका घराच्या गच्चीवर वाळत घातलेलं पिवळं लुगडं, सगळं माझ्यापासून दूर, लहान होत चाललेलं. कोणी हाक मारत नव्हतं. मला काही झालेलं नसताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

गाडी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"सगळे मला सोडून चाललेत असं वाटलं."

"तेव्हा काय पाहिजे होतं?"

मी विचार केला. "कोणीतरी माझ्याकडे तोंड करून बसलेलं."

"मग बस तिथं. ती तुझी जागा."

गाडीतल्या त्या जागेला नाव नव्हतं, याचा त्यांना फार त्रास व्हायचा. डॉक्टर आहे, नर्स आहे, ड्रायव्हर आहे. वाटेत माणसाला जिवंत ठेवतो त्याला काय म्हणायचं? "नाव नाही तर मान नाही. मान नाही तर कोण शिकायला येणार?" कानडीच्या मास्तरांना, मराठी शाळेच्या बाईंना, कीर्तनकाराला, ज्याला त्याला ते शब्द विचारत सुटले. लोक मोठमोठे संस्कृत शब्द द्यायचे. ते जिभेवर ठेवून बघायचे आणि मान हलवायचे. शेवटी नाव गावानंच ठेवलं. एकदा एका गल्लीत आम्ही गाडीतून उतरलो तर एक पोरगी आत ओरडत गेली, "दारी मंदी बंद्रु!" रस्त्याची माणसं आली. डॉक्टर तिथंच उभे राहून इतके खूश होऊन हसले की मला आणि बसप्पाला त्यांना बाजूला करून आत जावं लागलं.

आमच्या घरी मात्र हे नाव चालण्यासारखं नव्हतं. आम्ही हुबळीतल्या बौद्ध वस्तीतले. वडील रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारे मजूर. मला नर्स करण्यासाठी आईनं काय काय केलं ते मी इथं सांगत बसत नाही. त्या आईला कळलं की पोरगी दवाखान्याच्या आत काम करत नाही, दोन गड्यांबरोबर गाडीत बसून गावभर फिरते.

"रस्त्याची माणसं?" ती म्हणाली. "आपण रस्त्यावरनं घरात यायला तीन पिढ्या लागल्या. आणि तू शिकून परत रस्त्यावर?"

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं, मला परत वॉर्डात घ्या. ते रविवारी दुपारी आमच्या दारात हजर.

आमच्या वस्तीत डॉक्टर येत नसत असं नाही. येत, आणि उंबऱ्याशी उभे राहून औषध सांगून जात. हे आत आले, बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले, आईच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "अक्का, फार रागात आहात." आईनं हात काढून घेतला. चहा ठेवायला ती चुलीकडे वळली. त्या काळी आमच्या घरातला चहा कोण घेतं, कोण नुसता तोंडाला लावून ठेवतं, हे ती पाठमोरीसुद्धा ओळखायची. त्यांनी चहा घेतला, बशी पुसून घेतल्यासारखी संपवली, पाठ टेकायला म्हणून खाटेवर कलंडले आणि झोपले.

गाढ झोपले. तोंड उघडं, एक पाय खाली लोंबकळत. वडील आले, बघून बाहेर जाऊन बसले. शेजारणी दारातून डोकावून गेल्या.  आईनं त्यांचा लोंबणारा पाय उचलून खाटेवर ठेवला आणि पदरानं माश्या वारत उशाशी बसली. ऊन दारातून आत आलं, खाटेखालून भिंतीपर्यंत गेलं. घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही.

जागे झाल्यावर ते म्हणाले, "छान झोप लागली, अक्का. मला सहसा लागत नाही. दुसऱ्यांना देण्यातच संपते." नोकरीचा विषय त्यांनी काढलाच नाही. ते गेल्यावर आई चूल फुंकत म्हणाली, "जा त्यांच्या गाडीत. आपल्या घरात असा निवांत कोण झोपतं?"

आता बेलूरचं. धारवाडच्या पलीकडे बेलूरला कारखान्यांच्या शेड उभ्या राहू लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. श्रावणातली सकाळ, ऊन आणि पाऊस एकमेकांत शिरलेले. आम्ही धारवाडला एक रोगी पोचवून परत निघालो होतो, डॉक्टरही बरोबर होते. एक माणूस सायकलवरून ओरडत आला. छतावर पत्रे टाकताना एक गडी वरून पडला होता.

पोचलो तेव्हा त्याला हातापायाला धरून उचलायची तयारी चालली होती. मॅटॅडोर सुरू करून ठेवलेली. परसू त्याचं नाव, अळणावरकडच्या खेड्यातला, तरणाताठा. तो शुद्धीवर होता. डोळे भीतीनं फाटलेले, आणि एकच बोलत होता, "माझं पाय कुठं हाईत? पाय कुठं हाईत माझं?" पाय जागच्या जागी होते. त्याला ते कळत नव्हतं.

"हात लावू नका!" मी ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

गर्दीला ते रुचलं नाही. सगळे एकच ओरडत होते, लगू, लगू, म्हणजे लवकर. परसूचा मेहुणा हातात लोखंडी गज घेऊन चाचांच्या अंगावर धावला. "गाडी आणलीय न्हवं? मग घाल आत आणि पळीव! मरूस्तवर बघत ऱ्हाणार व्हय?"

तेव्हा डॉक्टरांनी एक विलक्षण गोष्ट केली. ते परसूच्या शेजारी चिखलात आडवे झाले. पांढरा कोट, चष्मा, सगळ्यासकट. डोकं त्याच्या डोक्याशी, नजर त्याच्यासारखी आभाळाकडे.

"मान हलवू नको," ते त्या घोळवलेल्या आवाजात म्हणाले. "वर बघ. काय दिसतंय रे?"

परसू धापा टाकत होता. "पत्रा… आभाळ."

"आणि?"

"घार हाय."

"कुठं चालली?"

"…न्हाई. फिरायलीय. वरच्या वर."

"बघत राहा तिला. खाली उतरली की मला सांग."

मेहुण्याचा गज खाली आला. ओरडा थांबला, कसा ते सांगता येणार नाही. चिखलात निजलेल्या दोन माणसांवर ओरडणं जमत नसावं. सगळेच मान वर करून त्या घारीकडे बघू लागले. मी गुडघ्यावर बसून परसूचं डोकं दोन्ही हातांत धरलं. बसप्पानं ऑफिसचं दार बिजागऱ्यांसकट उखडून आणलं. मी मेहुण्यालाच म्हणाले, "दाजी, तुम्ही कमरेशी धरा. मी म्हणेन तेव्हाच, सगळे एकदम." गज टाकून तो खाली बसला. धरलं त्यानं नीट. आम्ही परसूला ओंडक्यासारखं वळवलं आणि दारावर घेतलं.

मणक्याचे सर्जन हुबळीला आमच्याकडे होते, म्हणून रस्ता लांबचा. चाचा हगूर चालले होते. मेहुणा समोर बसून दात खात होता. मी परसूचं डोकं सोडलं नव्हतं. आणि डॉक्टर? ते कोपऱ्यात बसले, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "मी नाही असं समज."

नवलूर मागं पडलं आणि परसूचा श्वास बदलला. त्याच्या घशात गुळगुळ झाली, ओठ आवळले. त्याला उलटी येत होती. उताणा, बांधलेला, मान हलवायची नाही. वळवावं तर मणका, न वळवावं तर उलटी छातीत उतरून गुदमरणार. चालत्या गाडीत वळवणं जमणार नव्हतं. मी डॉक्टरांकडे बघितलं. डोळे मिटलेलेच. ते झोपले नव्हते, त्यांच्या गळ्याची शीर उडत होती.

"चाचा, थांबा!"

"थांबा?" मेहुणा उठला. "आत्ता थांबा?"

"थांबा म्हणजे थांबा. बसप्पा, दारासकट वळवायचं, माझ्या अंगावर. दाजी, पाय. एकदम!"

रायापूरच्या कडेला गाडी थांबली. आम्ही ते दार, त्यावर बांधलेल्या माणसासकट कुशीवर केलं. सगळं माझ्या मांडीवर आलं. मी बोटाला फडकं गुंडाळून त्याचं तोंड साफ केलं, जबडा पुढं धरला. एक क्षण काहीच नाही. बाहेर शेतात कोणीतरी बैलांना हाकत होतं तेवढं ऐकू येत होतं. मग परसूनं श्वास ओढला. लांब, ओला, घरघरणारा श्वास. त्याच्याइतका सुंदर आवाज मी पुढं कधी ऐकला नाही.

डॉक्टरांनी डोळे उघडले. "निघायचं?" त्यांनी मला विचारलं.

"निघू या," मी म्हणाले.

परसू जगला. कित्येक महिन्यांनी काठी टेकत दवाखान्यातून चालत गेला. एक पाय ओढत होता, पण चालत गेला. कारखान्याच्या मुकादमानं मात्र तक्रार केली होती की गाडी रेंगाळली, वाटेत थांबवली. विश्वस्तांची बैठक बसली. एका नर्सनं परस्पर निर्णय घेतला, तुम्ही गाडीत असून घेऊ कसा दिलात, असं त्यांना विचारलं गेलं.

"मी दिला नाही," डॉक्टर म्हणाले. "तिनं घेतला. तेवढ्यासाठीच ती तिथं आहे." आणि तिथंच त्यांनी मागणी टाकली. गाडीवर शिकलेलीच माणसं, त्यांची वेगळी नेमणूक, वेगळा पगार, आणि गाडीत धुण्याची गाठोडी बंद.

"गाडीत बसायला शिक्षण कशाला?" अध्यक्ष म्हणाले. चांगला माणूस होता, नुसतं ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना आदबीनं स्ट्रेचरवर निजायला सांगितलं. आधी माळी आणि शिपाई त्यांना जिन्यावरून खाली घेऊन गेले. डोकं पुढं, पाय मागं वर, वळणावर कठड्याला एक धक्का. अध्यक्ष खाली पोचले ते धोतर दोन्ही मुठींत धरून, चेहरा पांढराफटक. मग मी आणि बसप्पानं त्यांना वर आणलं. डोकं जिन्याच्या वरच्या अंगाला, पावलाला पाऊल मिळवून, मी त्यांच्याशी त्यांच्या नातवाबद्दल बोलत. वर आल्यावर ते लगेच उठले नाहीत. छताकडे बघत पडून राहिले. "करा," ते म्हणाले, "काय पाहिजे ते करा."

अशी आमची नेमणूक झाली. मग शिकायला दुसऱ्या दवाखान्यांतून माणसं येऊ लागली. शेड पुरेना. पुढं तो वर्ग मी चालवायला लागले, आणि एके दिवशी शिकवता शिकवता माझ्या ध्यानात आलं की डॉक्टर मागच्या बाकावर बसून झोपलेत. खरंच झोपलेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी जायचं ठरवलं. विजापूरकडे कुठं तरी अशीच गाडी सुरू करायची होती. "तिकडे रस्ते लांब आहेत," एवढंच म्हणाले. हार नको, भाषण नको. दुपारच्या बसनं जाणार होते. आम्ही तिघांनी स्टँडवर जाऊन उभं राहायचं ठरवलं होतं. आईनं त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

निघणार तोच निरोप आला. जुन्या गल्लीत एका सुताराच्या मांडीत करवत घुसली होती. रक्त थांबत नव्हतं. आम्ही तिकडे गेलो. चटणी गाडीत पुढं तशीच राहिली. सुताराला आत घेतलं, मी दोन्ही तळव्यांनी मांडीच्या मुळाशी दाबून धरलं आणि निघालो. बाजाराचा दिवस. स्टँडजवळच्या चौकात बैलगाड्या, टांगे, बस, सगळं एकमेकांत अडकलेलं. चाचांनी कपाळावर हात मारला.

आणि मग समोरची बस मागं सरकली. एक टांगा वळला. बैलगाडी कडेला गेली. गर्दी मधोमध दुभंगली, आणि त्या वाटेच्या तोंडाशी ते उभे होते. काखेत वळकटी, दोन्ही हात पसरलेले, तोंडानं त्यांचं ते हगूर, हगूर चाललेलं, बैलांनाही आणि माणसांनाही. बसच्या दारातून त्यांचा कंडक्टर त्यांना हाका मारत होता. त्यांचं लक्ष नव्हतं.

गाडी त्यांच्या अगदी जवळून गेली. खरवडलेल्या काचेतून ते मला दिसले, आधी मोठे, मग लहान होत होत. त्यांनी हात वर केला. मला करता आला नाही. सुतार माझ्याकडे बघत होता, आणि माझे दोन्ही हात कामात होते.